उंबरठ्यापासून ओपीडीपर्यंत

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी या सभागृहात जमता, ते सर आम्हाला गणित शिकवायचे. उदाहरण फळ्यावर लिहून झालं की ते लगेच सोडवायला घेत नसत. खडू हातात धरून विचारायचे, "दिलेलं काय आहे? काढायचं काय आहे?" या दोन ओळी वहीत लिहिल्याशिवाय पुढे जायची परवानगी नव्हती. उत्तर आलं की तिसरी गोष्ट, ताळा करून पाहायचा. पुढे मी डॉक्टर झालो, मनोविकारतज्ज्ञ झालो, सरकारी जिल्हा रुग्णालयांत नोकरी केली आणि निवृत्तही झालो. पण प्रश्नाकडे बघायची ती रीत सुटली नाही. आजचं व्याख्यानही मी त्याच रीतीनं मांडणार आहे.

दिलेलं काय आहे, ते आधी सांगतो. मनाचे आजार हे आजार आहेत. ते कुणालाही होऊ शकतात आणि त्यांतल्या बहुतेकांवर उपचार आहेत. नैराश्य, अतिचिंता, स्किझोफ्रेनिया, बायपोलर या आजारांवरची अनेक औषधं जुनी आणि स्वस्त आहेत. ती सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 पासून आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. म्हणजे आजाराची ओळख, औषध, योजना आणि कायदा, या चारही गोष्टी हाताशी आहेत.

आणि तरीही बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात काय दिसलं? प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी उपचारांची गरज असणारा मानसिक आजार होता. आणि उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण आजारानुसार 70 ते 92 टक्के. सोप्या भाषेत सांगायचं तर दहा आजारी माणसांपैकी सात ते नऊ जण उपचारापर्यंत पोचलेलेच नव्हते. आपलं राज्य त्या 12 राज्यांत नव्हतं. पण ओपीडीत माझ्यासमोर येणारा माणूस किती उशिरा आलेला असतो, हे मी रोज पाहिलं आहे. त्यामुळे तो आकडा मला परका वाटला नाही.

तेव्हा काढायचं आहे ते अंतर. आजारी माणसाच्या घराचा उंबरठा आणि ओपीडीची पायरी यांच्यामधलं अंतर. ते किती आहे, कशाकशाचं बनलेलं आहे आणि कमी कसं करायचं, एवढंच आज मला बोलायचं आहे.

एका मुलापासून सुरुवात करतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलगा बावीस वर्षांचा. आयटीआयला होता. रात्र रात्र जागायचा, एकटाच पुटपुटायचा. भाऊ आपल्या जेवणात काहीतरी घालतो म्हणायचा, म्हणून ताटाला हात लावायचा नाही. कानात माणसं बोलतात, शिव्या घालतात, असं सांगायचा. घरच्यांनी ठरवलं, बाहेरचं काहीतरी आहे. देवऋषी झाला. अमावस्येच्या खेपा झाल्या, नवस झाले, दोन शेळ्या गेल्या. मग तालुक्याला सलाईन आणि ताकदीची इंजेक्शनं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून शहरात नेऊन डोक्याचं स्कॅन, त्यासाठी काढलेलं कर्ज. स्कॅनमध्ये काही निघालं नाही, तेव्हा घरचे म्हणाले की हा नाटक करतो. शेवटचे काही महिने तो गोठ्यात दाव्यानं बांधलेला होता. माझ्याकडे आणला तेव्हा त्याच्या मनगटावर दोराचे वळ होते.

उपचार सुरू झाले. सहा आठवड्यांत कानातले आवाज बरेच खाली आले. पाच-सहा महिन्यांनी तो घरच्या पिठाच्या गिरणीवर बसायला लागला. आजही तो गिरणी चालवतो आणि गोळी घेतो. एकदा त्याच्या आईला मी विचारलं, इतकी वर्षं का थांबलात? ती म्हणाली, "साहेब, थांबलो कुठं? चार वर्षं नुसते फिरतच होतो. हितं यायचं असतंय, हे कुणी सांगितलंच नाही."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. आपण म्हणतो, लोक अडाणी आहेत, लोक उपचार घेत नाहीत. ती बाई चार वर्षं उपचारच शोधत होती. तिनं शेळ्या विकल्या, कर्ज काढलं, पायपीट केली. या आजारात उपचाराला जितका उशीर, तितकं बरं होणं अवघड. तो मुलगा सावरला, पण त्याचं आयटीआय राहिलं आणि लग्नाचं जमलेलं मोडलं. गेलेली चार वर्षं गोळीनं परत येत नाहीत.

या अंतराचा पहिला टप्पा शब्दांचा आहे. आपल्या मराठीत मनाच्या दुखण्याला शब्दांची वाण नाही. घोर लागतो, हुरहूर वाटते, जीव कासावीस होतो, कशात जीव लागत नाही, मन खातं, डोक्यात भुंगा फिरतो, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. बायाबापड्या दवाखान्यात येऊन हेच सांगतात. त्याच्या जोडीला हातापायाला मुंग्या, अंगात त्राण नाही, झोप नाही. पण समोरचा डॉक्टर घाईत असतो. तो 'अशक्तपणा' लिहितो आणि बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या देतो. बाईनं तिच्या भाषेत नैराश्य अगदी नेमकं सांगितलेलं असतं. आमच्या कानांना ते ऐकू येत नाही. यावर उपाय साधा आहे. कुठल्याही दवाखान्यात दोन प्रश्न विचारावेत. गेल्या दोन आठवड्यांत कशातच गोडी वाटत नाही, असं होतं का? मन सारखं उदास, निराश असतं का? उत्तर हो आलं की पुढचं विचारायचं. याला कुठलं यंत्र लागत नाही आणि एक मिनिट पुरतं.

शब्दांची दुसरी अडचण आपणच तयार केली आहे. राज्यात मनोरुग्णांसाठीची चार मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. ठाणे, पुण्याचं येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. तिथं पिढ्यान्‌पिढ्या माणसं बरी होऊन घरी गेली. आणि आपण त्या गावांच्या नावांचं काय केलं? भांडणात म्हणायचं, "याला येरवड्याला पाठवा", "ठाण्याला भरती करा". शाळेतली पोरंही म्हणतात. ज्या दाराशी मदत मिळते त्या दाराचं नाव आपण शिवीसारखं वापरलं, तर आजारी माणूस त्या दारात पाऊल टाकील कसा? दारात येण्याआधी त्याला आपलं नाव त्या शिवीत ऐकू येतं.

दुसरा टप्पा रस्त्याचा आहे. समजा, कुणी नीट सांगितलं, भीती गेली, घरचे तयार झाले. मनोविकारतज्ज्ञ बसतो जिल्ह्याला, गाव सत्तर किलोमीटरवर. आजारी माणूस एकटा येऊ शकत नाही, बरोबर कुणीतरी हवं. म्हणजे दोघांची एसटी, दोघांची बुडालेली मजुरी, बाहेरचं जेवण. औषध पंधरा दिवसांचं मिळतं, म्हणजे महिन्यातून दोनदा हा सगळा खर्च. एखाद्या खेपेला औषधाच्या खिडकीवर सांगितलं जातं, साठा संपला, बाहेरून घ्या. या आजारात औषध सलग घ्यावं लागतं. एक खेप चुकली की गोळी सुटते, गोळी सुटली की आजार उलटतो, आणि मग सगळे म्हणतात, काही उपयोग नाही या औषधांचा. सरकारी नोकरीत असताना अशा खिडकीमागे मीही उभा होतो. त्याची खंत आजही जात नाही.

हा प्रश्न नवा नाही आणि त्याचं उत्तरही कधीच सापडलेलं आहे. 1970 च्या दशकात हरयाणातल्या रायपूर राणी आणि बंगळुरूजवळच्या सकलवाडा इथं प्रयोग झाले. 1980 च्या दशकात कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना आणि कार्यकर्त्यांना शिकवून दाखवण्यात आलं की साध्या दवाखान्यातही मनाच्या आजाराचे उपचार होऊ शकतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच बेल्लारीच्या धड्यावर उभा आहे.

तरी कुणी विचारील, इतके मनोविकारतज्ज्ञ आणणार कुठून? देशात एक लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा पडत नाही, आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत. प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यात आणि आपल्याच विदर्भात मिळालं आहे.

गोव्यात 'संगथ' ही संस्था 1996 पासून काम करते. तिथं स्थानिक माणसांना, जी डॉक्टर नाहीत, मानसशास्त्राची पदवीधर नाहीत, त्यांना नीट प्रशिक्षण दिलं गेलं. ती माणसं प्राथमिक आरोग्य केंद्रात नैराश्यानं ग्रासलेल्यांशी सहा ते आठ बैठका बोलत. उपचाराचा गाभा साधा होता. नैराश्यात माणूस एकेक काम सोडत जातो आणि सोडलेल्या प्रत्येक कामाबरोबर मन आणखी खचतं. म्हणून त्याच्याबरोबर बसून छोटी छोटी कामं ठरवायची. सकाळी अंगण झाडायचं, शेजारणीकडे जायचं, बाजाराला जायचं. ती झाली की पुढची. याचा कसून अभ्यास झाला आणि गुण येतो हे सिद्ध झालं. 2017 मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

विदर्भात याच धर्तीवर अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांमध्ये 'विश्राम' प्रकल्प झाला. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांनी होरपळलेला तो भाग. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मनाच्या दुखण्याबद्दल बोलायला सुरुवात केली. ज्याला गरज असेल त्याला समुपदेशन, जास्त गरज असेल त्याला तज्ज्ञाकडे नेणं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम 4.3 टक्के लोक कुठली तरी मदत घेत होते. दीड वर्षात ते प्रमाण 27.2 टक्क्यांवर गेलं, म्हणजे सहापट. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आलं. अमरावतीची तीस गावं आपल्या गावांपेक्षा वेगळी नाहीत. तिथं कुणी मोठं रुग्णालय बांधलं नव्हतं. माणसं दाराशी गेली आणि त्यांनी विचारलं.

सरकारनंही 2015 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. आशाताई प्रश्नावली घेऊन शेतकऱ्यांच्या घरी जाऊ लागल्या. इथं मला आशाताईंबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. लसीकरण, बाळंतपण, क्षय, कुष्ठरोग, सगळी सर्वेक्षणं त्यांच्याच डोक्यावर आहेत. त्यात मनाचं दुखणं ऐकायचं कामही आपण त्यांच्यावर टाकतो. ऐकणाऱ्यालाही थकवा येतो. एखाद्या घरातली आत्महत्या त्यांच्याही मनात घर करते. त्यांना वेळेवर मोबदला मिळाला पाहिजे, आणि त्यांचं ऐकून घेणारं कुणीतरी वर असलं पाहिजे. नाहीतर दाराशी जाणारी ही माणसंच मोडतील.

आत्महत्येचा विषय आला आहे, तर थोडं थांबतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 माणसांनी आत्महत्या केली. त्यांपैकी 22,746 आपल्या महाराष्ट्रात, देशात सर्वांत जास्त. आत्महत्येला एकच कारण कधी नसतं. कर्ज असतं, नापिकी असते, घरातला कलह असतो, दारू असते, दुखणं असतं, आणि त्या सगळ्यांत खचलेलं मन असतं. कर्जाचं उत्तर समुपदेशन नाही, ते धोरणातच शोधावं लागेल. पण त्या एका रात्री माणूस वाचवणं आपल्या हातात असतं. त्यासाठी दोन गोष्टी घरी घेऊन जा. पहिली, कीटकनाशकाचे डबे घरात उघड्यावर ठेवू नका. कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. तो क्षण बऱ्याचदा थोडा वेळच टिकतो आणि तेवढ्यात हाताशी विष नसेल तर जीव वाचतो. दुसरी, कुणी फार खचलेलं दिसलं तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही. उलट ज्याच्या मनात तो आधीच आहे, त्याला पहिल्यांदा वाटतं की कुणाला तरी कळलं. मग त्याला एकटं सोडू नका आणि मदत मिळेपर्यंत बरोबर राहा. केंद्र सरकारच्या टेली-मानस मदतवाहिनीचा क्रमांक 14416. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. आपल्या फोनमध्ये तो आत्ताच नोंदवून ठेवा.

तिसरा टप्पा घरच्यांच्या एकटेपणाचा आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात 1950 च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी एक फार मोठी गोष्ट केली. तोवर रीत अशी होती की रोग्याला सोडायचं आणि नातलगांनी निघून जायचं. त्यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि नातलगांना रोग्याबरोबर राहू दिलं. घरच्यांना आजार समजला, बाकीची कुटुंबं भेटली, माणसं लवकर घरी जाऊ लागली. पुढे देशात अनेक ठिकाणी ती पद्धत गेली. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारानं स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. ते कॅनडातल्या कॅलगरीत प्राध्यापक होते आणि या आजाराशी घरातच झगडलेले होते. तिथं शुभंकरांचे, म्हणजे आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांचे, स्वमदत गट चालतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 2004 च्या 'देवराई' चित्रपटानं हा आजार मराठी घरांत बोलायचा विषय केला. शुभंकराला औषधाइतकीच गरज असते ती दुसऱ्या शुभंकराची. "माझ्याही घरी असंच होतं" हे वाक्य कुठलाही डॉक्टर त्याला देऊ शकत नाही.

हे सगळं झालं नाही की काय होतं, तेही सांगायला हवं. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथं एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. रोगी साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळता आलं नाही. 28 जण जळून मेले. त्यांच्या घरच्यांनी त्यांना एरवाडीच्या दर्ग्याच्या आसऱ्यानं, बरं होतील या आशेनंच तिथं ठेवलं होतं. श्रद्धेनं माणूस तिथं येतो, म्हणून श्रद्धास्थानांशी वैर घेऊन भागणार नाही. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात मुजावरांनाच आजार ओळखायला शिकवलं गेलं आणि दुवेबरोबर दवाही मिळू लागली. पण साखळी आणि चाबूक यांना श्रद्धा म्हणता येणार नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये आपल्या राज्यात झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं हा गुन्हा ठरवला आहे. 2017 च्या कायद्यानंही आजारी माणसाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला मनाई केली आहे.

त्या 2017 च्या कायद्यातलं अठरावं कलम मी आपल्यासाठी मुद्दाम आणलं आहे. ते सांगतं की मानसिक आरोग्याचा उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. त्यासाठी कुणाला लांबवर जावं लागू नये, सेवा घराजवळ असावी. अत्यावश्यक यादीतली औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून पुढच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात कायम आणि मोफत मिळावीत. सामुदायिक केंद्र म्हणजे आपल्याकडचं ग्रामीण रुग्णालय. या सभागृहापासून ते फार लांब नाही. ज्या खिडकीवर 'साठा संपला' असं ऐकून त्या आईसारख्या आया परत फिरतात, त्या खिडकीवरचं औषध ही कुणाची मेहरबानी नाही. तो कायद्यानं दिलेला हक्क आहे.

म्हणून जागृतीबद्दल माझं एक स्पष्ट मत झालं आहे. 10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन येतो. फेऱ्या निघतात, भित्तिपत्रकं लागतात. ते जरूर व्हावं. पण ज्या गावात औषध नाही, ऐकणारा माणूस नाही, तिथं नुसतं 'बोला, मदत घ्या' म्हणणं म्हणजे तहानलेल्याला पाण्याचं महत्त्व सांगणं. बोलायला लावायचं असेल तर आधी ऐकणारं माणूस आणि गोळी तिथं असली पाहिजे. दोन्ही कामं एकाच वेळी झाली पाहिजेत. अमरावतीच्या तीस गावांत ती एकत्र झाली, म्हणून आकडे हलले.

आता या गावापुरतं काढायचं काय, तेवढं सांगून थांबतो. माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीत आपल्यातले काही जण आहेत. त्यांनी दर महिन्याला दोनच प्रश्न विचारावेत. मनोविकारतज्ज्ञांची भेट या महिन्यात झाली का, आणि औषधांचा साठा किती दिवसांचा आहे? उत्तर दवाखान्याच्या फळ्यावर लिहून लावावं. दुसरी, या वाचनालयाची खोली महिन्यातल्या एका रविवारी शुभंकरांच्या गटाला द्यावी. फार काही लागत नाही, दहा खुर्च्या आणि चहा. तिसरी, शाळेतल्या शिक्षकांना. वर्गात कुणी कुणाला 'येरवड्याला पाठवा' म्हणालं, तर ते हसण्यावारी नेऊ नका. तिथंच थांबून मुलांना सांगा की येरवड्याला माणसं बरी होतात.

सर उत्तराला कधी लगेच टिक करायचे नाहीत, आधी ताळा मागायचे. आपल्या उदाहरणाचा ताळा असा आहे. पुढच्या वर्षी या गावातल्या एखाद्या घरात एक मुलगा रात्र रात्र जागू लागेल, ताटाला हात लावणार नाही. त्याची आई घाबरेल आणि घराबाहेर पडेल. तिला पहिली भेटणारी बाई, मग ती शेजारीण असो, आशाताई असो की देवळातली पुजारीण, तिनं तिला ग्रामीण रुग्णालयाची वाट दाखवली आणि त्याच आठवड्यात तिथं डॉक्टर आणि गोळी दोन्ही मिळाली, तर आपलं उत्तर बरोबर आलं. तिला चार वर्षं फिरावं लागलं, तर आपण सगळ्यांनी पुन्हा वही उघडायची.